ट्रॅप कॅमेऱ्याचे सेल आठ-दहा दिवसांतच बसतात, बाहेरून बॅटरी जोडावी का?

आखाडेकर (जिंतूर)

राम राम मंडळी. आमचं रान येलदरीच्या वरच्या अंगाला, डोंगराला खेटून. रानडुकरं आणि रोही, दोन्हींचा ताप. हरभरा घाट्यावर आला की रोज कुठून तरी घुसतात. नेमकं कोणत्या धुऱ्यावरून येतात ते कळलं तर तिथंच जागलीला बसता येईल, म्हणून एक ट्रॅप कॅमेरा (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) घेतला. कॅमेऱ्याबद्दल तक्रार नाही, पण आठ पेन्सिल सेल आठ-दहा दिवसांत बसायलेत. त्यातही गंमत अशी की दिवसाचे फोटो शेवटपर्यंत चांगले येतात आणि रात्रीचे आधीच काळे पडायला लागतात.

खालच्या बाजूला रबरी झाकणाखाली गोल जॅक आहे, बाजूला '६ व्होल्ट डीसी' छापलंय. घरी फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ एएचची (अँप-तासांची) बॅटरी रिकामी पडून आहे, पुढच्या खरिपापर्यंत तिला काम नाही. ती चालंल का? गावातले एकजण म्हणाले पॉवर बँक लाव. चुलतभाऊ म्हणतो सोलर प्लेटच टाक, कटकट मिटली.

सेटिंग असं: चोवीस तास व्हिडिओ, २० सेकंदांचा, सेन्सर हाय, दोन व्हिडिओंमध्ये ५ सेकंद.

टाळकी_ज्वारी (माजलगाव)

भाऊ, १२ व्होल्टची थेट लावू नका!! आधी हे वाचा, बाकी नंतर. आमच्या शेजारच्या गावात एकानं ६ च्या जॅकला १२ दिली, कॅमेरा गेला तो गेलाच, दुरुस्तीवाल्यानं हातात पण धरला नाही.

गप्पिष्ट

एवढ्या पैशात दोन कुत्री पाळली असती. बॅटरी लागत नाही, भाकरीवर चालतात.

टाळकी_ज्वारी (माजलगाव)

गप्पिष्टराव, डुकरानं फाडलेलं कुत्रं बघितलं नाही वाटतं तुम्ही.

काटेवाला (लातूर)

आखाडेकर, मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो, त्यामुळं ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांशी रोजचा संबंध. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

तुमच्या कॅमेऱ्यात बहुतेक चार-चार सेलच्या दोन ओळी आहेत. एका ओळीत चार सेल म्हणजे ६ व्होल्ट, आणि अशा दोन ओळी समांतर. म्हणूनच जॅकवर ६ लिहिलंय. काही कॅमेऱ्यांत आठही सेल एका ओळीत असतात, त्यांचा जॅक १२ व्होल्टचा. दोन्ही कॅमेरे दिसायला सारखेच, त्यामुळं दुसऱ्याचं बघून वायर जोडायची नाही. स्वतःच्या जॅकजवळचा आकडा वाचायचा.

आता सेल कुठं जातात ते बघू. नुसता वाट बघत बसलेला कॅमेरा जवळपास काहीच खात नाही, मिलिअँपच्या एक-दोन दशांशात काम भागतं. ०.२ मिलिअँप धरा, चोवीस तासांचे झाले ५ मिलिअँप-तास. सगळा खर्च रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा. ते पेटले की पाऊण-एक अँप ओढतात. तुमचा २० सेकंदांचा एक रात्रीचा व्हिडिओ ०.८ अँपनं धरला तर साडेचार मिलिअँप-तासाच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या दिवसाच्या वाट बघण्याइतका. रात्री चाळीस व्हिडिओ झाले तर १८० मिलिअँप-तास.

अल्कलाइन सेलवर २५००-२८०० लिहिलेलं असतं, पण तो आकडा हळूहळू, थोडा-थोडा करंट घेतला तर. एकदम अर्धा अँप मागितला की त्याचा व्होल्टेज पडतो आणि अजून अर्धा माल शिल्लक असतानाच कॅमेरा 'बॅटरी लो' म्हणतो. तुमचे दिवसाचे फोटो चांगले आणि रात्रीचे काळे, त्याचं कारण हेच. दिवसा दिवे लागत नाहीत. ते सेल टाकून देऊ नका, भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालतील.

तेव्हा बॅटरी घेण्याआधी सेटिंग बदला. व्हिडिओ १० सेकंद, नाहीतर फोटोच ठेवा, एका वेळी एक. मधलं अंतर ५ सेकंदांऐवजी एक मिनिट. कळप चरायला लागला की अर्धा तास तिथंच असतो, त्याच डुकराचे पन्नास व्हिडिओ बघून तुम्हाला काय करायचंय? खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो, फुकटात.

मग बॅटरी. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे ६ व्होल्ट ४.५ एएचची सीलबंद लेड-अॅसिड, वजनकाट्यात आणि इमर्जन्सी लाइटमध्ये असते तीच. तालुक्याच्या गावी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. मध्ये काहीही न लावता थेट जॅकला. पूर्ण चार्ज असताना ६.४ व्होल्टच्या आसपास असते, कॅमेऱ्याला चालतं. लेड-अॅसिड निम्मीच वापरायची, पूर्ण उपसली की लवकर मरते. म्हणजे सव्वादोन एएच हाताशी. तुमच्या आत्ताच्या सेटिंगवर बारा-तेरा दिवस, सेटिंग सुधारलं तर महिनाभराच्या पुढं. दोन बॅटऱ्या समांतर जोडा, दुप्पट.

पॉवर बँकेचं विसरा. एक तर ती ५ व्होल्ट देते. दुसरं, कॅमेरा वाट बघत असताना एवढा कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं मोबाइल काढून घेतला, आणि ती स्वतःच बंद होते.

सोल्डरगन (छ. संभाजीनगर)

काटेवाला सर, बाकी पटलं, पण १२ व्होल्टची ८ एएच बॅटरी घरात पडून असताना नवीन कशाला घ्यायला लावता? ९६ वॉट-तास आहेत तिच्यात. तुमच्या काट्याच्या बॅटरीत २७. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली उतरवणारं सर्किट) लावायचा, एलएम२५९६ चं तयार मॉड्यूल मिळतं, स्क्रू फिरवून ६ व्होल्टवर आणायचं, संपलं. शिवाय फवारणीची बॅटरी मार्च ते जून तशीच पडली की प्लेटांवर सल्फेट बसून खराबच होते. कामात राहिलेली, अधूनमधून चार्ज होणारी बरी.

काटेवाला (लातूर)

पडून राहण्याबद्दल शंभर टक्के खरं. अर्ध्या चार्जवर ठेवलेली लेड-अॅसिड कुजते. हंगाम संपला की लोक पंप कोपऱ्यात टाकतात आणि जूनमध्ये बॅटरी कंपनीला शिव्या घालतात.

पण एलएम२५९६ वर अडतो मी. ती आयसी (चिप) काही काम नसताना स्वतःसाठी ५ मिलिअँप खाते, डेटाशीटमध्येच आहे. मॉड्यूलवरचा लाल दिवा वेगळा. ५ मिलिअँप म्हणजे दिवसाला १२० मिलिअँप-तास, तेही १२ व्होल्टचे. वॉट-तासात मांडा: मॉड्यूल रोज १.४४ खातं, आणि आखाडेकरांचा कॅमेरा रात्रीचे चाळीस व्हिडिओ धरून १.१ खातो. म्हणजे राखणदाराचा पगार मालापेक्षा जास्त. ८ एएचची निम्मी म्हणजे ४८ वॉट-तास, त्यात जेमतेम अडीच आठवडे निघतात. मधला खर्च नसता तर पाच आठवडे गेले असते.

कन्व्हर्टर लावायचाच तर रिकाम्यापणी कमी खाणारा बघा. एमपी१५८४ चं छोटं मॉड्यूल या बाबतीत पुष्कळ बरं. त्यावर दिवा असेल तर काढून टाका. आणि कॅमेऱ्याला लावण्याआधी मल्टिमीटरनं ६ येतंय का ते बघून स्क्रूवर नेलपेंटचा थेंब टाका. गाडीवरून नेताना हादऱ्यानं तो स्क्रू फिरतो.

सोल्डरगन (छ. संभाजीनगर)

हे गणित मान्य. मॉड्यूलचा रिकामा खर्च कोणी मोजत नाही हे खरंय. एमपी१५८४ वर तडजोड.

पण एक भर घालतो. ज्यांना दोन पैसे जास्त घालायचे आहेत त्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट बघावी. एक सेल ३.२ व्होल्टचा, दोन सेल ओळीत लावले की ६.४, म्हणजे ६ व्होल्टच्या कॅमेऱ्याला विनामॉड्यूल. व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट, जवळपास सगळी वापरता येते, वजन निम्म्याहून कमी. बीएमएस (सेल जास्त चार्ज होऊ न देणारं, पूर्ण उपसू न देणारं सर्किट) मात्र हवाच आणि चार्जर तिचाच हवा. १८६५० चे साधे लिथियम-आयन दोन सेल ओळीत लावू नका, पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट होतात.

मोसंबीवाली (अंबड)

नमस्कार. आमचा प्रश्न डुकरांचा नाही, चोरांचा. बागेतल्या विहिरीवरची केबल दोनदा गेली. म्हणून सिमकार्डचा कॅमेरा लावलाय, फोटो थेट मोबाइलवर येतो. सेल तर याचेही टिकत नाहीत, आणि रेंज कमी असते तेव्हा जास्तच लवकर जातात, असं का? दुसरं, यांनी सुचवलं की नवीन सौर पंपाच्या पॅनेलवरूनच वायर काढू, दहा फुटांवर तर आहे.

काटेवाला (लातूर)

ताई, पंपाच्या पॅनेलला अजिबात हात लावू देऊ नका. ती पॅनेलं एकामागे एक ओळीत जोडलेली असतात, शंभर-दोनशे व्होल्टच्या वर डीसी असतो. एसीसारखी डीसीची ठिणगी लगेच तुटत नाही. आणि सरकारी योजनेतल्या पंपात काही छेडलं तर हमीही जाईल.

रेंजचं असं की टॉवर लांब असला की मोडेम जोर लावून पाठवतं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. फोटो काढायला लागत नाही एवढी वीज पाठवायला लागते. कॅमेऱ्यात सोय असेल तर अँटेना थोडी उंचावर न्या. फोटो लहान आकारात पाठवायचं सेटिंग असतं, ते लावा. जनावरांसाठी असता तर दिवसातून एकदाच पाठव म्हटलं असतं, पण चोरासाठी ते जमणार नाही. तुमच्यासारख्यांनाच खरी बाहेरची बॅटरी आणि छोटी प्लेट लागते.

आणखी एक. चोरासाठी ९४० नॅनोमीटरचे दिवे असलेला कॅमेरा हवा. ८५० वाला लांबवर दाखवतो, पण अंधारात लालसर ठिपका दिसतो. ज्याच्यासाठी लावलाय तोच आधी कॅमेरा काढून नेईल.

आखाडेकर (जिंतूर)

बापरे, एवढी उत्तरं. सगळ्यांचे आभार. सेटिंग आजच बदलतो. प्लेटचं पण कुणीतरी सांगा. आमचा कॅमेरा लिंबाला बांधलाय.

गवताळ (धाराशिव)

लिंबाखाली प्लेट म्हणजे नुसती शोभा. पॅनेलचा एक कोपरा सावलीत गेला तरी सगळ्या पॅनेलची वीज पडते, कारण आतले सेल ओळीत जोडलेले असतात. प्लेट बाहेर उन्हात, तोंड दक्षिणेला, साधारण वीस अंश कलती. आपला मराठवाडा १८ ते २० अक्षांशात येतो, म्हणून तेवढा कल.

पण मला दुसरंच सांगायचंय. मी वन्यजीव निरीक्षणासाठी कॅमेरे लावतो, वनविभागाच्या परवानगीनं. बॅटरी खाणारा सगळ्यात मोठा चोर म्हणजे फुकटचे फोटो. सेन्सर उष्णतेतला फरक बघतो. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की त्याला वाटतं काहीतरी चाललंय. कॅमेऱ्यापुढचं दोन-तीन मीटरवरचं गवत, ज्वारीची पानं, लोंबती फांदी, सगळं साफ करा. तोंड उत्तरेला ठेवा. पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवलं तर उगवता-मावळता सूर्य रोज समोर येतो. वाऱ्यानं डोलणाऱ्या बारीक झाडाला बांधू नका, त्यापेक्षा लोखंडी खांब रोवा.

उन्हाळ्यात उलटी गंमत होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं दुपारी ४२-४३ अंश, जमीन जनावराच्या अंगाइतकीच तापते. सेन्सरला फरकच दिसत नाही आणि समोरून गेलेलं जनावर सुटतं. तेव्हा सेन्सर हाय ठेवा. हिवाळ्याच्या रात्री मीडियम, लो सुद्धा पुरतो. आखाडेकरांनी हरभऱ्याच्या दिवसांत हाय ठेवलंय, ते उलटं आहे.

नीट लावलेला कॅमेरा काय दाखवेल ते सांगता येत नाही. २०२१ साली गौताळ्यात वाघ आला तो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या येडशी रामलिंगला आला तो, दोन्ही ट्रॅप कॅमेऱ्यात दिसले. दोन्ही यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेले. पण अभयारण्यात किंवा राखीव वनात स्वतःहून कॅमेरा बांधायला जाऊ नका. परवानगी लागते. आपल्या बांधाच्या आत काय ते लावा.

गप्पिष्ट

वाघ आला तर कुत्र्यांचा सल्ला मागे घेतो.

सोल्डरगन (छ. संभाजीनगर)

प्लेटबद्दल एक धोक्याची गोष्ट. '१२ व्होल्टची' म्हणून मिळणारी प्लेट मोकळी असताना उन्हात २१-२२ व्होल्ट दाखवते. बॅटरी जोडलेली आहे तोवर ती व्होल्टेज दाबून धरते. पण बॅटरीची पिन ढिली होऊन निसटली तर तेच २१ व्होल्ट सरळ कॅमेऱ्यात. म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर हवा, आणि तो ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी असेल तर ६ चाच. आपल्या दुकानांत सर्रास १२/२४ वाले मिळतात, ते ६ ला चालत नाहीत.

वॉटचं म्हणाल तर ३ वॉटची प्लेट चार तास चांगल्या उन्हात, निम्मं वाया गेलं धरलं तरी ६ वॉट-तास देते. लागतात एक-सव्वा. श्रावणातल्या ढगाळ आठवड्यातही निभतं.

काटेवाला (लातूर)

आणि तरीही आखाडेकरांना मी प्लेट घेऊ नका म्हणेन. प्लेट लांबून चमकते, चोरालाही आणि माकडालाही. महिन्यातून एकदा कार्ड काढायला तर जाणारच, तेव्हाच बॅटरी बदलून आणायची. दोन बॅटऱ्या ठेवा, एक रानात, एक घरी चार्जिंगला. आपल्याकडं लाइट कधी असते ते सांगायला नको, पण आठ तासांच्या पाळीत चार्ज होऊन जाते. मोसंबीवाली ताईंची गोष्ट वेगळी, त्यांच्या कॅमेऱ्याला प्लेट हवी.

आखाडेकर (जिंतूर)

पटलं. बॅटरी मग ठेवायची कशात? आणि कॅमेऱ्याला चिकटूनच ठेवायची का लांब?

टाळकी_ज्वारी (माजलगाव)

हे मला विचारा. लांबच ठेवा, झुडपाआड, दिसू देऊ नका. वायर खार आणि उंदीर कुरतडतात, साळिंदर तर ठेवतच नाही. मी ठिबकची जुनी १६ एमएमची नळी घेतली आणि वायर तिच्यातून ओढली. फुकट, काळी, मातीत दिसत पण नाही. ड्रिपरची भोकं खाली करून पुरायची म्हणजे पाणी निथळून जातं. वायर आत जात नसेल तर आधी नायलॉनची दोरी ओवा.

बॅटरी पत्र्याच्या तेलाच्या डब्यात. उन्हाळ्यात खड्डा करून ठेवतो, डबा उन्हात राहिला तर आत भट्टी होते. पावसाळ्यात मात्र काळ्या रानात खड्डा नको, पाणी तुंबून राहतं. दगडावर उचलून ठेवा, वरून पोतं.

काटेवाला (लातूर)

झकास, ठिबकची नळी मला सुचली नव्हती. त्यात भर: डबा हवाबंद करू नका, बारीक भोक बाजूला वरच्या अंगाला, पाऊस शिरणार नाही असं ठेवा, लेड-अॅसिडमधून थोडा वायू निघतो आणि तो हलका असल्यानं वर जातो. गरमीचं टाळकी_ज्वारींनी बरोबर सांगितलं. तापमान दर दहा अंश वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं.

वायरची जाडी बघा. ०.५ एमएमची (चौरस एमएम) वायर दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन वीस मीटर झाली. एक अँप गेला की पाऊण व्होल्ट वायरमध्येच पडतो. ६.२ चे ५.५ झाले, बॅटरी थोडी उतरली की दिवे लागताक्षणी कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तारीख उडते. लोक कॅमेऱ्याला दोष देतात. दीड एमएमची घ्या, तेवढ्याच अंतरावर पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. बॅटरीच्या पिनजवळच मोटारसायकलचा २ अँपचा फ्यूज. कॅमेऱ्याजवळ वायरला खाली झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून जॅकमध्ये न जाता झोळातून टपकतं.

आतले सेल काढायचे की ठेवायचे हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बघा. ठेवायला परवानगी असेल तर आत निकेल-मेटलचे रिचार्जेबल टाका. चार मिळून ४.८-५ व्होल्टच होतात, त्यामुळं बाहेरची ६ व्होल्ट आधी वापरली जाते आणि ते नुसते राखीव बसतात. नवीन अल्कलाइन ठेवले तर चार मिळून ६.४ होतात, मग कॅमेरा आधी तेच संपवतो. बाहेरच्या जॅकमधून आतले सेल चार्ज होतात असा काहींचा समज आहे, तसं होत नाही.

बांधावरचा (वसमत)

मध्येच विचारतो. माझ्या हळदीच्या कुंपणाला झटका मशीन आहे, तिची १२ व्होल्टची बॅटरी आहेच. त्याच बॅटरीवर १२ व्होल्टचा कॅमेरा टाकला तर?

काटेवाला (लातूर)

नका. झटका मशीन सेकंदा-दोन सेकंदाला दणका देतं, त्याचे झटके बॅटरीच्या तारांवरही उमटतात. कॅमेरा अडखळेल, कधीतरी उडेल. वेगळी बॅटरी ठेवा आणि कॅमेऱ्याची वायर झटक्याच्या तारेला समांतर नेऊ नका.

मशीन वापरताय हे चांगलं. कुंपणाला थेट लाइनचा करंट सोडणारे अजून आहेत. तो गुन्हा तर आहेच, शिवाय घरचंच माणूस जातं त्यात.

आखाडेकर (जिंतूर)

आज कॅमेरा उतरवून बघितला. जॅकजवळ गोलाचं चिन्ह आहे, मधला ठिपका अधिककडं गेलाय. म्हणजे पिनच्या आत प्लस, बाहेर मायनस, बरोबर? पण दुकानातला नेहमीचा ५.५ बाय २.१ चा प्लग जातच नाही, भोक बारीक आहे. सेटिंग बदलून आठवडा झाला. कार्डात फालतू व्हिडिओ जवळजवळ नाहीत, आणि सेल अजून भरलेले दाखवायलाय.

काटेवाला (लातूर)

बरोबर, मध्ये प्लस. तरी लावण्याआधी मल्टिमीटरनं एकदा बघाच. तुमचा जॅक ४ बाय १.७ चा किंवा ३.५ बाय १.३५ चा असेल. कॅमेराच घेऊन दुकानात जा आणि लावून बघा. मोजून सांगत बसला तर तीन चकरा होतील. नवीन प्लग नाही मिळाला तर जुन्या चार्जरच्या ढिगात त्या मापाची पिन हमखास सापडते, वायरसकट कापून आणा.

आखाडेकर (जिंतूर)

परभणीला गुरुवारी जाणारच आहे, बघतो. सर, ६ व्होल्टची तुमच्याकडून मिळंल का? पाहुणे आहेत लातूरला, ते आणतील.

काटेवाला (लातूर)

मिळेल की. पण काट्यातून काढलेली जुनी नका घेऊ, नवीनच न्या. पाहुण्यांना सांगा, वरची बनावटीची तारीख बघून घ्यायची. सहा महिन्यांपेक्षा जास्त दुकानात पडलेली असली तर माझी असली तरी परत करा. रविवारी दुकान बंद असतं.